ऐकू येणारे आणि दिसणारे : ‘अ ब्यूटिफुल माइंड’ या चरित्रपटातील मनोविकार आणि परकेपण

१

चरित्रपटाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी अडकून पडते : पडद्यावर जे दाखविले ते प्रत्यक्षात घडले होते काय? हा प्रश्न गैर नाही, परंतु अपुरा आहे. चार-पाच दशकांचे आयुष्य सव्वादोन तासांत मांडावयाचे म्हटले की काही गाळणे, काही जोडणे, काहींचा क्रम बदलणे अटळच ठरते. तेवढ्यावरून कोणत्याही कलाकृतीला दोष देणे न्याय्य होणार नाही. भाषेच्या इतिहासात एखाद्या शब्दातील एखादा ध्वनी बदललेला आढळला तर तो योगायोग म्हणून सोडून देता येतो. परंतु अनेक शब्दांत तोच बदल त्याच दिशेने झालेला दिसला म्हणजे तेथे नियम शोधावा लागतो. चरित्रपटालाही हीच कसोटी लावता येईल. काय बदलले, यापेक्षा सर्व बदल कोणत्या दिशेने झाले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

रॉन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेला ‘अ ब्यूटिफुल माइंड’ हा २००१ मधील अमेरिकन चित्रपट अशा परीक्षणास विशेष योग्य आहे. गणितज्ञ जॉन नॅश (१९२८–२०१५) यांचे आयुष्य हा त्याचा विषय, आणि सिल्व्हिया नासर यांनी लिहिलेले, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले नॅश यांचे चरित्र हा त्याचा आधार. पटकथा अकीवा गोल्ड्समन यांची. या चित्रपटाला २००२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, आधारित पटकथा आणि सहायक अभिनेत्री अशी चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. स्किझोफ्रेनिया या आजाराविषयी सामान्य प्रेक्षकाच्या मनात जी प्रतिमा आहे, ती घडविण्यात या एका चित्रपटाचा वाटा फार मोठा आहे. म्हणूनच त्यातील बदलांची दिशा तपासणे केवळ कलाविषयक प्रश्न राहत नाही. रुग्ण आणि त्याचे आप्त यांच्याशीही त्याचा संबंध पोहोचतो.

पुढील विवेचनात प्रत्यक्ष व्यक्तींचा उल्लेख आदरार्थी बहुवचनाने आणि पडद्यावरील पात्रांचा एकवचनाने केला आहे. ‘नॅश यांनी’ आणि ‘नॅशने’ हे दोन प्रयोग या लेखापुरते दोन निरनिराळ्या माणसांविषयी आहेत.

२

प्रथम आजाराचे स्वरूप पाहू. चित्रपटातील नॅशला तीन माणसे दिसतात : प्रिन्स्टनमधील खोलीचा सोबती चार्ल्स, त्याची लहानगी भाची मार्सी आणि संरक्षण खात्याचा गूढ अधिकारी पार्चर. ही तिन्ही माणसे खरी नाहीत हे प्रेक्षकाला अर्धा चित्रपट होईपर्यंत कळत नाही. रुग्णाला भासाची खात्री कशी वाटते, याचा अनुभव प्रेक्षकालाही यावा, हा या रचनेचा हेतू आहे आणि तो साधला आहे, हे मान्य केले पाहिजे. रुग्णाकडे बाहेरून पाहून हसणाऱ्या वा भिणाऱ्या प्रेक्षकाला काही काळ त्याच्या जागी उभे करणे, हे लहान काम नव्हे.

परंतु नॅश यांना अशी माणसे दिसत नव्हती. त्यांचा आजार १९५९ च्या प्रारंभी उघड झाला, तो मुख्यतः संभ्रमांच्या रूपाने. वृत्तपत्रातील मजकुरात आपल्यासाठी गुप्त संदेश छापलेले आहेत, परग्रहावरील शक्ती अथवा परकीय सरकारे आपल्याशी संपर्क साधू पाहत आहेत, आपण अंटार्क्टिकाचे सम्राट होणार आहोत, अशा त्यांच्या धारणा होत्या. पुढे काही वर्षांनी आवाज ऐकू येऊ लागले. १९७० नंतरच्या काळात प्रिन्स्टनच्या फळ्यांवर ते जे लिहीत, त्यात अंक, व्यक्तींची नावे आणि तारखा यांची विलक्षण समीकरणे असत. थोडक्यात, या आजाराची सामग्री भाषेची होती : मजकूर, संदेश, नाव, आवाज.

मराठीत ‘मला दिसले’, ‘माझ्या कानी आले’, ‘मला वाटले’ आणि ‘मला कळले’ हे चार प्रयोग एकाच पातळीवरचे नाहीत. ‘वाटले’ म्हणणारा शंकेला जागा ठेवतो. ‘कानी आले’ म्हणणारा जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो. ‘दिसले’ म्हणणारा साक्षीदार होतो. संभ्रमाने ग्रासलेल्या माणसाचे क्रियापद मात्र बहुधा ‘कळले’ हे असते. त्याला काही दिसलेले नसते; जे सर्वांना दिसते त्याचाच अर्थ त्याला एकट्याला कळलेला असतो. चित्रपटाने या ‘कळले’चे ‘दिसले’ केले. वृत्तपत्रांतील आणि मासिकांतील गुप्त लिपीचा धागा त्याने ठेवला आहे, नाही असे नाही. परंतु त्या लिपीमागे हुकूम देणारा, काळी हॅट घातलेला एक देहधारी माणूस उभा केला आहे.

या बदलाचा परिणाम केवळ तपशिलापुरता नाही. बरे होण्याची कल्पनाच त्याने बदलली. भास जर माणसांच्या रूपाने समोर उभे असतील, तर त्यांच्याकडे पाठ फिरविता येते. चित्रपटातील नॅशला मार्सीचे वय वाढत नाही हे उमगते, आणि त्या तर्काच्या बळावर तो त्या तिघांशी बोलणे सोडून देतो. प्रसंग नाट्यपूर्ण आहे आणि बुद्धीला मान देणारा आहे. प्रत्यक्षातील अडचण याहून कठीण होती. रुग्णालयात भेटीस आलेल्या एका गणितज्ञाने, तर्काला वाहिलेल्या माणसाने असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवावा, असे विचारले असता नॅश यांनी दिलेले उत्तर नासर यांच्या चरित्रामुळे प्रसिद्ध आहे : गणितातील कल्पना ज्या वाटेने आपल्याला सुचत, त्याच वाटेने याही सुचल्या, म्हणून आपण त्यांना तितकेच गंभीरपणे घेतले, असा त्याचा आशय. येथे पाठ फिरवायची कोणाकडे? ज्या मनाने परीक्षा घ्यायची तेच मन परीक्षेला बसलेले आहे. चित्रपटाने ही कोंडी सोपी केली, आणि ती सोपी करताना नॅश यांच्या खऱ्या कर्तृत्वाचा मोठा भागही कमी केला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे आणखी एक अडचण आहे. स्किझोफ्रेनिया ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक धातूंपासून घडविली. विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, असा तिचा अभिप्राय होता. मराठीत रूढ झालेला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द तिचे भाषांतर आहे. परंतु ‘छिन्न’ या पदामुळे एका माणसात दोन माणसे असल्याची कल्पना सहज रुजते, आणि दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाशी या आजाराची गल्लत होते. ज्या प्रेक्षकाने हा शब्द असा समजून घेतला आहे, त्याला चित्रपटातील देहधारी चार्ल्स आणि पार्चर हे त्या गैरसमजाचे प्रमाणच वाटतील. जपानमध्ये या आजाराचे ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशा अर्थाचे जुने नाव २००२ मध्ये अधिकृतपणे बदलण्यात आले, यावरून संज्ञेचे ओझे रुग्णावर किती पडते याची कल्पना यावी.

३

दुसरा बदल पहिल्याइतका चर्चिला गेलेला नाही, परंतु अधिक बोलका आहे. चित्रपटातील नॅशचा भ्रम कोणता? आपण पेंटॅगॉनसाठी गुप्तपणे काम करीत आहोत, रशियन हेर अमेरिकेत अणुबॉम्ब आणीत आहेत आणि त्यांची लिपी उलगडून आपण देश वाचवीत आहोत, हा. म्हणजे वेडातसुद्धा हा माणूस देशभक्तच आहे. शीतयुद्धाच्या काळातील सरकारी भयगंडाचा तो एक अतिरिक्त निष्ठावान सैनिक ठरतो.

नॅश यांच्या आजाराने घेतलेले वळण नेमके उलटे होते. १९५९ च्या उन्हाळ्यात ते युरोपात गेले ते अमेरिकन नागरिकत्वाचा त्याग करण्यासाठी. लक्झेंबर्ग आणि जिनीव्हा येथे त्यांनी त्यासाठी खटपट केली, निर्वासित म्हणून आश्रय मागण्याचा प्रयत्न केला, आणि १९६० मध्ये त्यांना अमेरिकेत परत पाठविण्यात आले. सर्व जगाचे एकच शासन असावे ही कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. या कल्पनेला आजाराने विकृत रूप दिले असेल; परंतु तिची दिशा स्पष्ट होती. आपण एका राष्ट्राचे नाही, असे या माणसाला म्हणावयाचे होते. शीतयुद्धाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला होता तो सल्लागार म्हणून. सँटा मोनिका येथील रँड या संस्थेचे ते १९५० पासून सल्लागार होते, आणि १९५४ मध्ये एका अटकेनंतर त्यांची गोपनीय कामाची परवानगी काढून घेण्यात आली. पुरुषांविषयीच्या आकर्षणावरून झालेली ती अटक होती. त्या काळात अशा आकर्षणाला गुन्हा आणि राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका मानीत. चित्रपटात यातील काहीही नाही.

ज्या सत्तेने माणसाला अविश्वसनीय ठरविले, आणि ज्या सत्तेचे नागरिकत्व त्याने पुढे नाकारले, त्याच सत्तेचा तो काल्पनिक सेवक म्हणून पडद्यावर येतो. संभ्रमातील मजकूर निरर्थक असतो, तेव्हा तो बदलला तर बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. परंतु संभ्रमाला आशय असतो. तो रुग्णाच्या आयुष्यातून, त्याच्या काळातून आणि त्याच्या भाषेतून आलेला असतो. तो आशय बदलणे म्हणजे रुग्णाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणे होय. एरवीच्या माणसाच्या तोंडी असे शब्द घातले तर त्यास विपर्यास म्हणतात. रुग्णाच्या बाबतीत मात्र ते कलात्मक स्वातंत्र्य ठरते. हा भेद करण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

४

तिसरा बदल ॲलिशियाच्या बाबतीत आहे. ॲलिशिया लार्दे यांचा जन्म १९३३ मध्ये एल साल्वाडोरची राजधानी सान साल्वाडोर येथे झाला. स्पॅनिश ही त्यांची घरची भाषा. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत त्यांनी पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतले. १९५० च्या सुमारास त्या संस्थेत हा विषय घेणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या, आणि त्यांतही लॅटिन अमेरिकेतून आलेली तरुणी म्हणजे अपवादातील अपवाद. तेथेच त्या नॅश यांच्या वर्गात विद्यार्थिनी होत्या. १९५७ मध्ये विवाह झाला.

चित्रपटात जेनिफर कॉनेली या अमेरिकन अभिनेत्रीने ही भूमिका केली, आणि तिच्या अभिनयाच्या सामर्थ्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न भूमिका कोणी केली एवढाच नाही. पात्राच्या आयुष्यातून एल साल्वाडोर हा देशच नाहीसा झाला आहे. एक स्पॅनिश शब्द नाही, उच्चारात परकेपणाची छटा नाही, परदेशातून आलेल्या कुटुंबाचा उल्लेख नाही. दुसऱ्या भाषेतून आलेल्या शब्दाला एखादी भाषा आपल्या वळणावर इतकी नेते की तो बाहेरून आला होता हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. तसे येथे एका माणसाचे झाले आहे. शब्दाच्या बाबतीत ही प्रक्रिया नैसर्गिक असते आणि तिला शतके लागतात. येथे ती एका पटकथेने केली.

या लोपाचे महत्त्व पुढील घटनाक्रमावरून कळते. १९५९ मध्ये पती रुग्णालयात दाखल झाला तेव्हा ॲलिशिया गरोदर होत्या. १९६३ मध्ये घटस्फोट झाला. १९७० मध्ये नॅश यांना दुसरा आधार उरला नव्हता तेव्हा ॲलिशिया यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. पतीला नव्हे, पूर्वीच्या पतीला. नोकरी करून त्यांनी घर चालविले. त्यांच्या मुलालाही पुढे हाच आजार झाला, म्हणजे एकाच घरात दोन रुग्णांची काळजी त्यांनी वाहिली. दोघांनी पुन्हा विवाह केला तो २००१ मध्ये, नॅश बहात्तर वर्षांचे असताना.

चित्रपटात घटस्फोट नाही, मुलाचा आजार नाही, आणि विवाहापूर्वी एका परिचारिकेपासून नॅश यांना झालेला पहिला मुलगाही नाही. त्याऐवजी आहे ती कधीही न तुटलेली निष्ठा. पारितोषिक समारंभात नॅश आपल्या यशाचे श्रेय पत्नीच्या प्रेमाला देतो. असे भाषण प्रत्यक्षात झालेले नाही. या भाषणाने प्रेक्षकांचे डोळे ओलावतात, पण एका स्त्रीच्या निर्णयाचे स्वरूप त्याखाली झाकले जाते. न सोडलेल्या पतीची सेवा करणे हा एक प्रकार. सोडलेल्या माणसाला, कायद्याचे बंधन उरलेले नसताना, पुन्हा घरात घेणे हा अगदी निराळा प्रकार. पहिल्याला परंपरेत नाव आहे. दुसऱ्याला नाव नाही, म्हणूनच तो दाखविण्यासारखा होता. जन्मभूमी सोडून आलेल्या, दुसऱ्या भाषेत शिक्षण घेतलेल्या, एकटीने संसार ओढलेल्या या स्त्रीचे परकेपण आणि तिची चिकाटी यांचा काही संबंध होता काय, हा प्रश्न चित्रपटाने विचारताच येऊ दिला नाही.

५

चौथा बदल औषधाचा. नॅश यांनी १९७० नंतर मनोविकारावरील औषधे घेतली नाहीत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. वयाबरोबर आणि संभ्रमात्मक विचारांना बुद्धीने हळूहळू नकार देत ते त्यातून बाहेर आले. चित्रपटात मात्र १९९४ मधील नॅश आपण नवी औषधे घेत असल्याचे सांगतो. चित्रपट पाहून रुग्णांनी औषधे सोडू नयेत, या काळजीपोटी हे वाक्य घातले गेले, असे त्याचे समर्थन केले गेले आहे.

हे समर्थन सहज झिडकारता येणार नाही. एका असामान्य माणसाच्या अनुभवावरून हजारो रुग्णांनी औषध टाकले तर होणारी हानी खरी आहे. औषधाने ज्यांचे आयुष्य सावरले अशांची संख्याही लहान नाही. परंतु येथेही निवड केवळ दोनच गोष्टींत होती असे नाही. औषधाविषयी मौन पाळता आले असते. अथवा हा मार्ग विरळा आहे हे दाखविता आले असते. पूर्वीच्या पत्नीचे घर, विक्षिप्त फळे लिहिणाऱ्या माणसाला हुसकून न लावणारे विद्यापीठ, जुन्या सहकाऱ्यांची ओळख, आणि काळ, ही त्या मार्गाची कारणे होती. यांतील विद्यापीठाचा भाग चित्रपटाने काही अंशी दाखविला आहे; ग्रंथालयातील विद्यार्थ्यांचे प्रसंग त्याची साक्ष देतात. तो भाग चित्रपटातील सर्वांत खऱ्या भागांपैकी एक आहे. सत्य लपवून रुग्णाचे हित साधते, असे मानणारा मनुष्य रुग्णाला सत्य पेलण्यास असमर्थ मानतो; आणि ज्या चित्रपटाचा नायकच रुग्णाच्या विवेकशक्तीचे उदाहरण आहे, त्यात ही धारणा विसंगत वाटते.

६

आता चारही बदल एकत्र ठेवून पाहू. ऐकू येणारे दिसणारे झाले; राष्ट्र नाकारणारा राष्ट्राचा सेवक झाला; साल्वाडोरची स्त्री अमेरिकन झाली; घटस्फोट, एकाकी काळजी आणि काळ यांच्या जागी प्रेम आणि औषध आले. दिशा एकच आहे. प्रत्येक ठिकाणी अपरिचिताचे परिचित केले गेले आहे. मनोविकाराविषयी सहानुभूती निर्माण करावयाची तर रुग्णाभोवतालचे बाकी सर्व प्रेक्षकाच्या ओळखीचे असले पाहिजे, असा हिशेब यामागे दिसतो. एक भिन्नता प्रेक्षकाने स्वीकारावी म्हणून दुसऱ्या सर्व भिन्नता गाळल्या गेल्या. ज्या भिन्नतेसाठी सहानुभूती मागितली, तीही शेवटी प्रेक्षकाला पाहता येईल अशा आकारात कापून घेतली गेली.

यावर असा आक्षेप येईल की चित्रपट हे दृश्य माध्यम आहे. आवाज आणि अर्थ दाखवायचे कसे? परंतु १९२७ पासून चित्रपट बोलतो आहे. ध्वनी ही त्याची अर्धी संपत्ती आहे. पडद्यावर कोणी नसताना येणारा आवाज, साध्या मजकुरावर रेंगाळणारा कॅमेरा, एकाच वाक्याचा दोन माणसांना लागणारा निराळा अर्थ, ही साधने कोणत्याही दिग्दर्शकाच्या हाताशी आहेत.

मराठीतील एक उदाहरण या संदर्भात उपयोगी पडावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट याच आजारावर आहे. तो चरित्रपट नाही, कल्पित कथा आहे. त्यामुळे त्याची आणि हॉवर्ड यांच्या चित्रपटाची जबाबदारी सारखी मानता येणार नाही. तथापि त्यात रुग्णाच्या मनाला व्यापून राहिलेली गोष्ट त्याच्याच गावची आहे : राखून ठेवलेले देवाचे रान. त्या रानाचा अर्थ त्याच्या मनात बदलत जातो, आणि त्याची काळजी घेणाऱ्या बहिणीची ओढाताणही कथेच्या कडेला ढकललेली नाही. भ्रमाला जमीन असते, ही जाणीव तेथे आहे. कल्पित कथेने जे पाळले ते खऱ्या माणसाच्या कथेने पाळले नाही, एवढेच येथे नोंदवावयाचे.

‘अ ब्यूटिफुल माइंड’ने केलेले काम नाकारण्याचे कारण नाही. मनोविकार झालेला माणूस विचार करू शकतो, शिकवू शकतो, माणसांत परत येऊ शकतो, हे त्याने फार मोठ्या समुदायाला पटविले. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण म्हणजे खुनी, या पडद्यावरील जुन्या समीकरणाला त्याने धक्का दिला. जॉन आणि ॲलिशिया नॅश २३ मे २०१५ रोजी, नॉर्वेमध्ये आबेल पारितोषिक स्वीकारून परत येत असताना, न्यू जर्सीमधील मोटार अपघातात एकत्रच मृत्यू पावले. आता त्यांच्याविषयी जे सामान्य ज्ञान उरेल, त्यातील बहुतांश या चित्रपटाचेच असेल. म्हणून या चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने नासर यांचे चरित्र आणि नॅश यांचे नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने लिहिलेले आत्मनिवेदन शेजारी ठेवावे, आणि पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न मांडावा : हे नॅश यांना दिसले होते, कानी आले होते, की कळले होते? पडद्यावरील ॲलिशियाचे बोलणे ऐकताना तिची पहिली भाषा कोणती होती, हेही त्याने विसरू नये.